स्वीडन आणि त्याचे शेजारी : निमित्त नोबेलचे

आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे 'लायगो' वेधशाळा होणार, हे मुलांच्या कानावर आलेलं आहेच. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. याच तंत्राने २०१५ साली अमेरिकेत पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या. त्या कामासाठी रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल म्हटलं की स्वीडन आलाच. तर वर्गात नकाशा काढायला हे निमित्त चांगलं आहे.

स्वीडन हा उत्तर युरोपातला देश, राजधानी स्टॉकहोम. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साधारण दीडपट, पण माणसं किती? एक कोटीच्या थोडी वर. म्हणजे हिंगोलीसारखे आठ-नऊ जिल्हे भरतील एवढीच! देशाचा बराच भाग जंगलाने व्यापलेला आहे आणि अगदी उत्तरेला उन्हाळ्यात मध्यरात्रीही सूर्य दिसतो.

आता मुलांना एक प्रश्न विचारा : शांततेचं नोबेल कुठे देतात? बहुतेक जण स्टॉकहोम म्हणतील. ते दिलं जातं नॉर्वेच्या ऑस्लो शहरात. बाकीची नोबेल स्टॉकहोमला. असं का? आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ मध्ये मृत्युपत्र केलं तेव्हा स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाखाली होते. शांततेच्या पुरस्काराची निवड नॉर्वेच्या संसदेने नेमलेल्या पाच जणांच्या समितीने करावी, असं त्यांनी लिहून ठेवलं. तसं का, याचं कारण मात्र लिहिलं नाही. १९०५ मध्ये दोन्ही देश युद्ध न करता वेगळे झाले, पण पुरस्काराची वाटणी तशीच राहिली. आपला जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघाला, हे उदाहरण मुलांना पटकन समजतं. अर्थात जिल्हा आणि देश यात फरक आहे, तोही तिथंच सांगून टाकावा.

पूर्वेचा शेजारी फिनलंड. तो १८०९ पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता, मग रशियाकडे गेला आणि १९१७ मध्ये स्वतंत्र झाला. स्वीडिश आजही तिथली एक अधिकृत भाषा आहे. पण फिनिश ही वेगळ्याच कुळातली भाषा; मराठी आणि तेलुगू जशा वेगळ्या कुळांतल्या, तसंच. उलट स्वीडिश आणि नॉर्वेजियन माणसं आपापल्या भाषेत बोलूनही एकमेकांना बरीचशी समजतात. म्हणूनच काटेकोरपणे पाहिलं तर स्कँडिनेव्हिया म्हणजे स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क हे तीनच देश. फिनलंड धरायचा असेल तर 'नॉर्डिक देश' म्हणावं. परीक्षेत इथंच गोंधळ होतो बघा.

डेन्मार्क दक्षिणेला, मध्ये अरुंद समुद्र. २००० साली त्यावर ओरेसुंड पूल झाला. स्वीडनच्या माल्मोतून निघालेली रेल्वे पुलावरून एका कृत्रिम बेटावर जाते, तिथून समुद्राखालच्या बोगद्यात शिरते आणि कोपनहेगनकडे निघते. पुलाचं चित्र वर्गात जरूर दाखवा. रस्ता समुद्रातच गडप झालेला पाहून मुलं प्रश्नांवर प्रश्न विचारतात.