जुनी गाडी: आधी अर्थिंग तपासा

अमेरिकेत 1996च्या मॉडेलपासून मोटारींना ओबीडी-टू ही बिघाड ओळखणारी यंत्रणा सक्तीची आहे. स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड मिळतो. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत भिस्त मल्टिमीटरवरच. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, चालू असताना साधारण 14. हे ठीक असूनही दिवे मंद असतील, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. मिशिगन, ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने बॉडीवरचे अर्थिंगचे जोड गंजतात. दिवा लावून त्याच्या अर्थच्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा. 0.2हून जास्त भरलं, तर जोड घासून घट्ट करा. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून जास्त अँपिअरचा कधीही बसवू नका: फ्यूज टिकेल, पण वायर जळेल.