हातांचे शिक्षण आणि जातीचे हात

शाळेत हस्तकला शिकवावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. मुलांनी माती मळावी, दोरी वळावी, टोपली विणावी, चित्रे काढावीत. यात वाद कसला? परंतु ज्या समाजात दोर वळणारी जात वेगळी, टोपली विणणारी वेगळी आणि चामडे कमावणारी वेगळी, त्या समाजात हा प्रश्न निरुपद्रवी राहत नाही. मुदखेड आणि आसपासच्या खेड्यांत वस्तीवरील मुलांचे हस्तकलेचे व चित्रकलेचे वर्ग घेताना या प्रश्नाला मला वारंवार तोंड द्यावे लागले आहे. मातंगवाड्यातील आई सरळ विचारते, "गुर्जी, दोरच वळायचा आसंल तर लेकराला साळंत कशाला धाडू? दोर तर त्याचा आज्जा बी वळीत व्हता." या सवालाला उत्तर दिल्याशिवाय हस्तकलेचा तास घेण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही, असे माझे मत आहे.

या सवालामागे इतिहास आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा प्राथमिक शाळेसाठी त्यांनी मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य हे विषय मागितले. हाताचे ज्ञान त्यांनी नाकारले नाही. पण ते अक्षराच्या जागी मागितले नाही, अक्षराच्या जोडीला मागितले. हा फरक महत्त्वाचा आहे.

पुढे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. महात्मा गांधींच्या कल्पनेतून आणि डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून 'नई तालीम' उभी राहिली. एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारे सारे शिक्षण द्यावे, आणि मुलांनी बनविलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागावा, हा तिचा गाभा. श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा हेतू त्यात होता, हे मान्य केले पाहिजे. पण ज्याच्या पिढ्यान् पिढ्या श्रमातच गेल्या, त्याला श्रमाची प्रतिष्ठा शिकविण्याची गरज नव्हती. त्याला श्रमाचा मोबदला आणि श्रम निवडण्याचे स्वातंत्र्य हवे होते. त्याआधी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले होते की, जातिव्यवस्था केवळ कामाची वाटणी करीत नाही. ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, आणि त्या वाटणीत माणसाच्या आवडीला व कुवतीला काडीचे स्थान नसते.

हाताच्या शिक्षणाचा हा धोका प्रत्यक्षात कसा येतो, ते मद्रास राज्याने पाहिले. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. घरचा व्यवसाय म्हणजे जातीचा व्यवसाय. पेरियार आणि द्रविड चळवळीने 'कुलशिक्षण योजना' म्हणून तिच्यावर झोड उठविली. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज यांच्या काळात ती योजना रद्द झाली. मातंगवाड्यातील आईचा सवाल आणि मद्रासच्या रस्त्यावरचा सवाल एकच आहे.

मग हस्तकला शाळेतून हद्दपार करावी काय? माझे उत्तर 'नाही' असे आहे. कारण जातीने आमच्यावर दोन अन्याय केले. एक, विशिष्ट काम आमच्या माथी मारले. दुसरा अन्याय अधिक खोल आहे: त्या कामात असलेले ज्ञान ज्ञान म्हणून मोजलेच नाही. लक्ष्मीपूजनाला शिंदीच्या पानांच्या केरसुणीची लक्ष्मी म्हणून पूजा होते. ती बांधणाऱ्या बाईला मात्र उंबरठ्याबाहेर उभे केले जाई. वस्तू पवित्र, हात अपवित्र! हा दुसरा अन्याय शाळेतच दुरुस्त होऊ शकतो.

दोराचेच उदाहरण घ्या. घायपाताची पाने कापून पाण्यात कुजवायची, झोडपून गर काढायचा, उरतो तो वाख. तो वाळवून, पिंजून त्याला पीळ द्यायचा. दोरातील एकही तंतू दोराइतका लांब नसतो, तरीही तो दोर बैलाला आवरतो. कसा? पिळामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणामुळे निसटत नाहीत. शिवाय प्रत्येक पदराला एका दिशेने पीळ दिला, तर तीन पदर एकत्र वळताना उलट दिशेने वळतात. सुटा पदर उलगडू पाहतो, पण त्याच्या उलगडण्यानेच दोर अधिक घट्ट होतो. हे यंत्रशास्त्र आहे. ज्याने ते शोधले त्याला कोणी शास्त्रज्ञ म्हटले नाही.

टोपलीत गणित आहे. एकाच पट्टीने गोल विणायचे तर उभ्या कामट्या विषम संख्येत घ्याव्या लागतात. सम संख्या घेतली तर प्रत्येक फेरीत पट्टी त्याच कामटीवरून वर आणि त्याच कामटीखालून जाते. वीण बसत नाही. विषम घेतली की प्रत्येक फेरी आपोआप आलटून-पालटून पडते. सम-विषम संख्या पाठ करून कंटाळलेले मूल आठ आणि नऊ कामट्यांच्या दोन टोपल्या विणून पाहते, तेव्हा तो नियम त्याच्या बोटांना कळतो. मातीचेही तसेच. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना भेगाळते. म्हणून कुंभार तळ्याचा गाळ निवडतो, त्यात घोड्याची लीद व राख मिसळतो. हलगी वाजविण्यापूर्वी जाळावर का धरतात? दमट हवेत कातडे सैल पडते. उष्णतेने ते ताणले जाते आणि आवाज चढतो. ध्वनीचा धडा याहून सोपा कसा शिकवावा?

चित्रकलेच्या तासाची स्थिती याहून वेगळी नाही. मराठवाड्यातील कोणत्याही शाळेत मुलाला चित्र काढायला सांगा. दोन डोंगर, मधोमध सूर्य, नदी, झोपडी आणि नारळाचे झाड! नारळ या मुलाने देवळात फोडलेला पाहिला आहे, दारात उभा पाहिलेला नाही. मुदखेड जंक्शनवरून आदिलाबादकडे वळणारा रूळ, वीटभट्टी, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या आई-बापाची कोपी, हापशावरची रांग त्याच्या कागदावर येत नाही. कारण हे चित्राच्या लायकीचे आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नाही. दलित साहित्याने जे लेखणीने केले, ते या मुलाने खडूने करावे. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील यशामुळे दहावीला वाढीव गुण मिळतात; पण रंगपेटी आणि कलाशिक्षक ज्याला लाभतो, त्याच्याच पदरात ते पडतात. वस्तीवरील वर्गांनी या परीक्षांचीही तयारी करून घेतली पाहिजे.

हस्तकलेचा तास जातीचा तास होऊ नये, यासाठी मला चार अटी आवश्यक वाटतात. पहिली, सर्व मुलांनी सर्व कामे करावीत. पाटलाच्या मुलाने दोर वळावा, मातंगाच्या मुलाने लाकूड तासावे, मुलांनी शिवण शिकावी, मुलींनी करवत धरावी. आडनाव पाहून काम वाटणारा शिक्षक मनूचाच कारकून होय. दुसरी, शाळा झाडणे म्हणजे कार्यानुभव नव्हे. एका शाळेत या तासाला ठरावीक वस्तीच्याच मुलांच्या हाती फडा दिलेला मी पाहिला आहे. झाडायचे तर सर्वांनी, पाळीपाळीने. तिसरी, कारागीर शाळेत येईल तो शिक्षक म्हणून. त्याला खुर्ची, मानधन आणि 'गुरुजी' ही हाक मिळाली पाहिजे. चौथी, प्रत्येक वस्तूबरोबर तिचा हिशेब शिकवावा. कच्चा माल किती, तास किती, बाजारभाव किती, तासाला मजुरी किती पडली? आणि बलुत्यात खळ्यावर मिळणाऱ्या चार पायल्या धान्यात वर्षभराचे कासरे-दावे दिले जात, तेव्हा ती किती पडत होती? हे गणित सोडविणारे मूल आपल्या आजोबांची कला विसरणार नाही आणि त्यांची लूटही विसरणार नाही. नायलॉनच्या दोरीने वाखाचा बाजार का मारला, हेही त्याला याच हिशेबात कळेल.

हा विचार आज तातडीचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेला कला व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ शिकण्याचे सांगितले आहे. कल्पना चांगली आहे. पण त्या दहा दिवसांत कोणाचे मूल कोणाकडे जाते, हे गावोगाव कोण पाहणार? शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या आपल्या पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी हा प्रश्न विचारला पाहिजे: निदेशक नेमला आहे काय, कारागिराला मानधन दिले काय, कामाची वाटणी कशी केली?

१९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढण्याचे सोडा असे सांगितले, तेव्हा त्यांनी हातांना आळशी व्हायला सांगितले नव्हते. हातांना मोकळे व्हायला सांगितले होते. त्या आईला मी हेच सांगतो की, दोर वळणे हे तुमच्या लेकराचे नशीब म्हणून मी शिकवणार नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या प्रत्येक जातीच्या मुलाला मी ते शिकवीन, आणि तुमच्या लेकराला त्याबरोबर भूमिती शिकवीन, हिशेब शिकवीन, इंग्रजी शिकवीन. मग दोर वळायचा की पूल बांधायचा, हे तो स्वतः ठरवील. हे ठरविण्याचा अधिकार ज्या शाळेत मिळत नाही, ती शाळा कितीही सुंदर टोपल्या विणो, ती गावगाड्याचीच एक खोली आहे.