झोप उडाली, जीव घाबरतो? १४४१६ वर मराठीत बोला, पैसे लागत नाहीत

पाऊस उलटला, सोयाबीन हातचं गेलं, सोसायटीचं कर्ज तसंच. अशा वेळी माणूस गप्प होतो. रात्रभर झोप नाही, जेवण जात नाही, घरच्यांवर उगाच चिडचिड. दोन आठवडे असंच चाललं तर मदत घ्यायची वेळ आली असं समजावं.

त्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ नंबर लावायचा. चोवीस तास, फुकट. भाषा मराठी निवडता येते. फोनवरचा समुपदेशक आधी सगळं ऐकून घेतो. मग कर्ज, आजार, घरातलं भांडण असा एकेक गुंता मोकळा करायला मदत करतो. गरज वाटली तर मानसोपचार तज्ज्ञाशी जोडून देतो. फोन केला म्हणून कोणी वेडं ठरत नाही.

संमोहन उपचाराबद्दलही लोक विचारतात. त्यात माणूस बेशुद्ध होत नाही. अंग सैल सोडून लक्ष एका ठिकाणी आणतात. भीती, दुखणं यात काहींना आराम पडतो. पण तो जोडीचा उपचार आहे, चालू गोळ्या बंद करू नयेत. प्रशिक्षित डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाकडेच जावं. 'एका बैठकीत बरं करतो' म्हणत हजारो रुपये मागणाऱ्यापासून लांब राहावं.

घरात कोणी 'आता जगून काय करू' म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि त्याच्याजवळ बसून तुम्हीच फोन लावा.