आटे, खाचा आणि साडेचार मिलिमीटर (सायकल-विचार : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात साखळीच्या रुंदीचा विचार करताना एक तकरार आपण मुद्दाम तहकूब ठेवली होती, ती अशी की, दुकानातून ‘सेव्हन स्पीड’ अशी स्पष्ट अक्षरे छापलेली नवी कोरी कॅसेट विकत आणावी, जुनी सायकलही सातच गिअरची असावी, आणि तरीही ती कॅसेट मागच्या चाकावर बसण्याचे साफ नाकारावी, हे घडते तरी कसे? माझे स्पष्ट मत असे आहे की, या प्रकरणात गिअरच्या आकड्याइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. हबची जात कोणती आणि तिच्यावरील बैठकीची लांबी किती, याची रुजवात आधी करून घ्यावी व आकड्याची जबानी मागाहून ऐकावी.

आपल्याकडील साध्या, बिनगिअरच्या सायकलीत मागच्या हबवर बाहेरून आटे पाडलेले असतात आणि फ्रीव्हील त्यांवर मळसूत्रासारखे फिरवून घट्ट बसवलेले असते. उलट पायडल मारताना होणारी ‘टिक्‌टिक्’ ज्या खिट्ट्यांमुळे होते, त्या या फ्रीव्हीलच्या पोटातच असतात. हबचा त्यांच्याशी काही संबंध नसतो. हीच वहिवाट बहुगिअर सायकलींतही पुष्कळ काळ चालू राहिली, आणि स्वस्त गिअरच्या सायकलींत आजही चौदा ते अठ्ठावीस दात्यांचे सात चक्रांचे फ्रीव्हील सर्रास आढळते. व्यवस्था सोपी खरी. परंतु तिच्यात एक दोष मुळातच दडलेला होता. फ्रीव्हीलला जागा द्यावयाची म्हणून उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आतल्या अंगाला राहतात आणि तेथून मागच्या चिमट्यापर्यंत एक्सलला कसलाच आधार उरत नाही. चक्रे पाच होती, हबची रुंदी १२० मिलिमीटर होती, तोवर हे निभावले. पुढे सहा-सात चक्रे आली, १२६ मिलिमीटरची हब आली, खडकाळ वाटांच्या सायकलींसाठी तर १३५ मिलिमीटरची आली, आणि निराधार एक्सलची लांबी चक्रागणिक वाढत जाऊन उजव्या कोनापाशी एक्सल वाकण्याच्या, क्वचित मोडण्याच्याही फिर्यादी ऐकू येऊ लागल्या.

यावर उपाय म्हणजे खिट्ट्यांचे बिऱ्हाड फ्रीव्हीलमधून काढून हबच्याच अंगावर हलवणे. इंग्लंडातील बेलिस-वायली या कारखान्याने ही कल्पना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच अमलात आणली होती. ती रूढ केली मात्र जपानच्या शिमानोने, १९७८ पासून. या रचनेत हबला एक दंडगोल जोडलेला असतो, त्याला फ्रीहब म्हणतात. उजव्या बाजूचे छर्रे त्याच्या बाहेरच्या टोकाशी जातात, एक्सलला चिमट्याजवळ आधार मिळतो, आणि सुट्या चक्रांची चवड, म्हणजेच कॅसेट, दंडगोलावरील उभ्या खाचांत सरकवून वरून लॉकरिंगने आवळता येते. शिमानोच्या १९८९ च्या हायपरग्लाइड पद्धतीत नऊ खाचांपैकी एक मुद्दाम निराळ्या रुंदीची ठेवली आहे, जेणेकरून कॅसेट एकाच रीतीने बसावी आणि साखळीला एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवण्यासाठी दात्यांना दिलेले कोरीव उतार एकमेकांशी जुळावेत.

आता आरंभीच्या तकरारीचा निवाडा करता येईल. सात चक्रांच्या फ्रीव्हीलमधील आणि सात चक्रांच्या कॅसेटमधील अंतर सारखेच, एका चक्रापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ५ मिलिमीटर. त्यामुळे शिफ्टरला व डिरेलरला या भेदाची गंधवार्ताही नसते. भेद कळतो तो फक्त हबला. तो ओळखण्याची युक्ती अशी : चाक सायकलीवरून काढून हाती घ्यावे, एका हाताने ते स्थिर धरून चक्रे उलटी फिरवावीत, आणि सर्वांत लहान चक्राच्या मध्यभागी पाना घालण्यासाठी ज्या खाचा असतात त्यांच्यावर नजर ठेवावी. खाचा जागच्या जागी राहून भोवतालची चक्रेच फिरली तर ते फ्रीव्हील. चक्रांबरोबर खाचाही गरगरल्या तर ते लॉकरिंग, म्हणजे कॅसेट. आणखी एक सावधगिरी : वर्षानुवर्षांच्या पायडलच्या जोराने फ्रीव्हील आपोआप आवळत गेलेले असते, तेव्हा ते उतरवताना हबला स्पोक विणून दिलेले चाकच हाती असू द्यावे, कारण नुसत्या हबवर पान्याचा जोर पेलायला पकडच मिळत नाही.

कॅसेटीच्या घरातही सगळे गुण्यागोविंदाने नांदतात असे नाही. सात चक्रांसाठी बनवलेला शिमानोचा दंडगोल आठांच्या दंडगोलाहून आखूड. आठाच्या दंडगोलावर साताची कॅसेट चढवायची तर मागे साडेचार मिलिमीटरचा स्पेसर घालावा लागतो, आणि उलट प्रकार तर शक्यच नाही. आठ, नऊ आणि दहा ही भावंडे मात्र एकाच दंडगोलावर राहतात, कारण चक्रे वाढली तसे त्यांतील अंतर ४.८ वरून सुमारे ४.३५ आणि तेथून ३.९५ मिलिमीटरवर आणले गेले. (शिफ्टर आणि साखळी बदलावी लागते ती याच पायी, हबपायी नव्हे.) अकरावे चक्र आले तेव्हा रस्त्यावरील सायकलींचा दंडगोल १.८५ मिलिमीटरने लांबवावा लागला. डोंगरी सायकलींच्या अकरा चक्रांच्या कॅसेटी मात्र जुन्याच दंडगोलावर बसल्या, कारण त्यांचे चाळीस-बेचाळीस दात्यांचे थोरले चक्र इतके विस्तीर्ण असते की ते आतल्या बाजूला झुकवून हबच्या कडेवर टांगले तरी डिरेलर स्पोकला शिवत नाही. मला हा तोडगा अकराव्या चक्राहूनही अधिक कौतुकास्पद वाटतो.

दुसरीकडे लहान चक्राची हाव. हायपरग्लाइडच्या जाड दंडगोलावर सर्वसाधारणपणे अकरा दात्यांखाली उतरता येत नाही. म्हणून स्रॅमने २०१२ मध्ये एक्सडी, शिमानोने २०१८ मध्ये तेवीस खाचांचा मायक्रो स्प्लाइन आणि इटलीच्या कॅम्पाग्नोलोने २०२० मध्ये एन-थ्री-डब्ल्यू असे आपापले नवे दंडगोल काढले. पहिल्या दोघांनी दहा दाते साधले, तिसऱ्याने नऊ. आणि परस्परांच्या कॅसेटी परस्परांच्या हबवर बसू नयेत याचाही बंदोबस्त अनायासेच झाला. बाराव्या चक्राच्या बाबतीत तर शिमानोने एकेरी वाटेचा हुकूम काढला आहे : २०२१ च्या रस्त्यावरील बारा चक्रांच्या कॅसेटी जुन्या अकराच्या दंडगोलावर बसतात, पण त्याच वेळी निघालेल्या नव्या दंडगोलावर अकराची कॅसेट बसत नाही. सबब, जुने चाक सुस्थितीत असेल तर केवळ बाराव्या चक्रासाठी हब बदलण्याचा आग्रह दुकानदाराने धरला तरी तो मान्य करण्याचे कारण नाही.