आजीच्या तोंडच्या शब्दांचा विकी

माझं माहेर धुळे तालुक्यातलं, सासर जळगावचं. अंतर फार नाही, पण लग्न होऊन आले तेव्हा माझ्या अहिराणीला घरात सगळे हसायचे. सासूबाईंची लेवा गणबोली, आणि मी आपली ‘अठे-तठे’ करायची! हळूहळू मीही पुस्तकी मराठीवर आले. आज माझ्या मुलांना ‘आंडोर’ म्हणजे मुलगा आणि ‘आंडेर’ म्हणजे मुलगी हेसुद्धा ठाऊक नाही. मैत्रिणींनो, तुमच्या घरी काही वेगळं आहे का? २००१च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे २० लाखांवर होते, २०११ मध्ये ते १८ लाख ६० हजारांवर आले. अहिराणी त्यातच मोजली जाते.

बचत गटाच्या कामासाठी मी गावोगाव जाते. बैठक आटोपली की म्हाताऱ्या बायका खुलतात. जात्याच्या भागांची नावं, आखाजीच्या झोक्यावरची गाणी, कानबाईच्या रोटांचे नियम... मी वहीत उतरवून घ्यायची. पाच वह्या भरल्या आणि कुठला शब्द कुठल्या वहीत, तेच सापडेना. भाचा म्हणाला, “मामी, याचा विकी करू या.”

मला वाटलं, विकिपीडियावरच लिहायचं म्हणतोय. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे आणि तिथे कुणालाही लिहिता येतं. पण तिथे प्रकाशित संदर्भ मागतात. मागावेच, नाहीतर कुणीही काहीही लिहील. मात्र पिंपळाखाली बसलेल्या आजीच्या शब्दाला मी संदर्भ कुठून आणू? बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी गाणी उतरून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघालं. प्रत्येक आजीच्या घरी सोपानदेव नसतो.

तर विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो ती, म्हणजे मीडियाविकी, आपणही आपल्या संगणकावर बसवू शकतो. ती मुक्त स्रोत आहे. शेजारणीने भरीत दिलं तर ते खाऊन संपतं. तिने कृती सांगितली, वर ‘तुझ्या हाताने बदल कर आणि पुढे दे’ म्हटलं, तर ते मुक्त स्रोत! पैसे लागत नाहीत. एका दुकानदाराने मात्र हेच करून द्यायचा असा काही आकडा सांगितला होता की मी चहा न घेताच उठले.

घरच्या जुन्या संगणकावर आधी वेब सर्व्हर, पीएचपी आणि माहिती साठवणारा डेटाबेस लागतो. हे तिन्ही एकत्र मिळतं. मग मीडियाविकीची फाइल उतरवून, उघडून, ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकायचा. पुढे ती प्रणालीच एकेक प्रश्न विचारते: भाषा कोणती, विकीचं नाव काय, व्यवस्थापकाचा पासवर्ड काय. भाषेत मराठीही आहे. शेवटी ‘लोकल सेटिंग्ज’ नावाची एक फाइल मिळते, ती उचलून मुख्य फोल्डरमध्ये ठेवावी लागते. मी ती ‘डाउनलोड्स’मध्येच ठेवली आणि दोन संध्याकाळ पुन्हा पुन्हा तेच पान बघत बसले, ‘आधी विकी बसवा’ म्हणून सांगणारं. भाचा आला, हसला, फाइल सरकवली, झालं.

खरा फटका पुढेच होता. दोन महिने टंकलं आणि एक दिवस संगणकाची डिस्क गेली. वह्यांमधलं पुन्हा लिहिता आलं. पण एका आजींच्या ओव्या मी फोनवर ऐकत थेट संगणकातच टंकल्या होत्या. दुरुस्तीवाल्याकडून काही परत मिळेना. म्हटलं, पुन्हा विचारून घेऊ. श्रावणात त्या गेल्याच.

आता दर शनिवारी डेटाबेसची प्रत, चित्रांचं फोल्डर आणि ती सेटिंग्जची फाइल पेनड्राइव्हवर घेते. तो पेनड्राइव्ह धान्याच्या डब्यांमागे असतो. नंतर वर्षाचं भाडं भरून इंटरनेटवरही जागा घेतली, कारण प्रणाली फुकट असली तरी जागा फुकट नसते. तिथे खातं उघडणं सर्वांना खुलं ठेवलं, तर आठवड्यात भलत्याच जाहिरातींची पानं! म्हणून आता खाती मीच उघडून देते.

विकीची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ‘इतिहास’. कुणी काय बदललं, ते सगळं राहतं. जात्याच्या एका भागाच्या नावावरून धुळ्याकडच्या आणि अमळनेरकडच्या दोघींचं चांगलंच वाजलं. ‘चर्चा’ पानावर भांडून झाल्यावर दोन्ही शब्द गावाच्या नावासह ठेवले.

वापरताना मेनूतली काही मराठी वाक्यं फारच अवघडलेली वाटली. ती दुरुस्त करता येतात, हे कळलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! ट्रान्सलेटविकी नावाच्या संकेतस्थळावर खातं काढायचं, परवानगी मिळाली की एकेका वाक्याचं मराठी करायचं. वाक्यात मध्येच डॉलरचं चिन्ह आणि आकडा दिसतो. तिथे नंतर नाव किंवा संख्या येते, त्याला हात लावायचा नाही. आणि एक गंमत: मराठीत ‘आला’ वेगळं, ‘आली’ वेगळं. वापरणाऱ्या बाईने आपल्या ‘पसंती’मध्ये स्त्री असं नोंदवलं असेल आणि अनुवाद करणारीने दोन्ही रूपं दिली असतील, तर प्रणाली योग्य ते रूप दाखवते. ही दोन रूपं कोण देणार? अनुवाद करताना माझ्यासारखी बाई बसली असेल तर तिला हे सुचतंच. केलेलं काम काही दिवसांत मूळ प्रणालीत जातं. आपल्या संगणकावर मात्र नवी आवृत्ती घेतल्यावरच दिसतं.

त्या आजींची सून बारावी शिकलेली. आता बैठकीनंतर थांबते आणि सासूच्या ओव्या आठवतील तशा टंकते. आतापर्यंत सात झाल्या. एकीच्या शेवटी तिने लिहिलंय, ‘पुढचं आठवत नाही, जाऊबाईंना विचारते.’