पाण्याचा हिशेब आणि आपले मत

आमच्या बारामती-इंदापूर भागात सोयरीक जमवताना हमखास विचारतात, "जमीन कालव्याखाली आहे का?" नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकापासून इथली शिवारे भिजवतो आहे. भाटघर आणि वीर धरणांचे पाणी आधी बारामती तालुक्यात येते, मग इंदापूरला जाते. वरच्यांची भिजवणी होऊन शेवटच्या चारीला पाणी पोहोचते, तेव्हा त्याचा जोर ओसरलेला असतो.

या पाण्यात शेतकऱ्याला मत मिळाले ते 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने. पाणी वापर संस्थेने शासनाकडून पाणी मोजून घ्यायचे, सभासदांना वाटायचे आणि पाणीपट्टी वसूल करायची. संचालक निवडायचे ते कालव्याच्या सुरुवातीच्या, मधल्या व शेवटच्या अशा तिन्ही भागांतून. म्हणजे शेवटच्या चारीचा माणूसही त्या खुर्चीवर बसू शकतो.

आम्ही पेशाने कारकून, शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून अशा एका संस्थेच्या सभेला गेलो तेव्हा हिशेबाची वही मागितली. दोनच प्रश्न विचारले : पाणी किती मोजून घेतले? पाणीपट्टी किती जमली व चारीच्या दुरुस्तीवर किती खर्च झाली? वही आली नाही, चहा आला! मोजमाप नसेल तर वरचा जास्त घेतो आणि खालचा पैसे भरूनही कोरडा राहतो.

त्याच सभेत आमच्या नात्यातील एक विधवा भगिनी आल्या होत्या. दीड एकर रान त्या स्वतः कसतात, दारे धरायला रात्री त्याच जातात. पण यादीत नाव मयत पतीचे. सातबाऱ्यावर वारसनोंदच झालेली नव्हती. पाणीपट्टी त्यांनी भरायची, मत मात्र कोणाचेच नाही!

आणि ज्यांना गुंठाभर जमीन नाही, त्यांचे काय? या कायद्याने सभासदत्व जमिनीशी बांधले आहे. मात्र शेजारच्याच पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या नव्हे, माणशी हिशेबाने ठरवले. भूमिहीनांचाही हक्क मानला, उसाला मनाई केली. उसाच्या आमच्या पट्ट्याने हे ऐकावे!

1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाण्यावर माणसाचा हक्क आहे हे सांगण्यासाठीच. आज हा हक्क वहीतून आणि मतदार यादीतून नाकारला जातो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आजच सातबारा काढून पाहा. वारसनोंद राहिली असल्यास तलाठ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. पत्नीचे, आईचे नाव लावा. संस्थेच्या सभेस घरातल्या बायकांसह जा आणि हिशेब मोठ्याने वाचायला लावा.

आमच्या त्या भगिनींचा अर्ज आम्हीच लिहून दिला. पुढच्या सभेला त्या पहिल्या रांगेत बसणार आहेत.