साहेब बदलले, म्हणून हुकूम बदलतो काय?

सरकारी पड जमीन एखाद्या भूमिहीनाला मिळाली, त्याने ती कसली, आणि पुढे नवे साहेब आले. त्यांना जुना हुकूम फिरवता येईल काय? पुष्कळांना वाटते, खुर्ची तीच, मग अधिकारही तोच. पण तसे नाही. दिलेला हुकूम पुन्हा तपासण्याचा अधिकार कायद्यानेच द्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली सौराष्ट्रातील जमिनीच्या एका खटल्यात हेच सांगितले.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २५८ ने हा अधिकार दिला आहे, पण त्याला वेसणही घातली आहे. महत्त्वाचा नवा पुरावा, कागदावरच दिसणारी उघड चूक, किंवा तसेच पुरेसे कारण हवे. हुकूम आधीच्या अधिकाऱ्याचा असेल, तर वरिष्ठांची मंजुरी हवी. आणि संबंधितांना नोटीस दिल्यावाचून हुकूम फिरवता येत नाही.

तेव्हा मंडळी, नोटीस आली तर घाबरू नका, अन् ती वळचणीला खोचूनही ठेवू नका. गुरुजींकडून वाचून घ्या, कोणते कारण लिहिले आहे ते पाहा, तारखेला हजर राहा आणि आपले म्हणणे लेखी द्या. बोललेले हवेत जाते. लिहिलेले दप्तरी राहते.